डिंक कशाचा

सोलापूर, ता. ९ जून १९३५

मायाक्का हिला शरणु शरणार्थी.

सहा वर्षांनी लिहितो आहे, तेव्हा कारण आधी सांगतो, ख्यालीखुशाली मागाहून. भीमाशंकर मास्तरांनी तुझ्या नकळत मला पत्र घातलं. हे पत्रही तेच तुला वाचून दाखवत असतील, म्हणजे त्यांच्यावर रागवायचं झालं तर माणूस समोर बसलेलाच आहे.

मास्तर लिहितात, तुझा डावा डोळा गेल्या वर्षी गेला आणि उजव्यातला मोतीबिंदू पिकला आहे. उन्हाळ्यात तू उतारानं नदी ओलांडून मैंदर्गीला दाखवून आलीस, तिथं सांगितलं की दिवाळीच्या आत काढला नाही तर हाही डाव्याच्या वाटेनं जाईल. पुण्याचे एक डोळ्यांचे डॉक्टर दर वर्षी दसऱ्याआधीचे पंधरा दिवस सोलापुरात मुक्कामाला असतात. मी जाऊन तुझं नाव घालून आलो. डॉक्टर आहेत, घर आहे, तुझी भावजय शिवबाई करायला आहे. मध्ये फक्त भीमा आहे.

दसऱ्याआधी नदी दोन्ही काठ धरून असते. हरिबाच्या काहिलीतून येशील म्हणावं तर ते होणार नाही. गुळाची कढई ती. पाण्यात गरगर फिरते, आणि जिकडं कलेल त्याच्या उलट्या बाजूला बसणाऱ्यानं अंग टाकायचं असतं. त्याला डोळे लागतात. आंधळं माणूस हरिबा काहिलीत घेत नाही, त्याच्या बापानंही कधी घेतलं नाही. रेल्वेच्या पुलापर्यंत बैलगाडीनं यावं तर चोवीस मैल काळी माती, पावसात चाक आसापर्यंत बुडतं.

म्हणून मी होडी करायचं ठरवलं आहे. सपाट बुडाची, अकरा फूट लांब, साडेतीन फूट रुंद. तू मधोमध घोंगडी टाकून खाली बसायचं. कलायचं नाही, सावरायचं नाही.

लाकूड सागवानी का घेत नाही, असं तू विचारशील. इकडच्या काठालाही शेवटचे तीन मैल चिखल आहे, गाडी जात नाही. सागवानी होडी तिथवर न्यायला हत्ती बोलवावा लागेल. प्लायवूडची केली तर चार माणसं डोक्यावर घेऊन चालत जातील. हा माल मला नवा नाही. चौदाव्या वर्षी सोलापुरात आलो, स्टेशनच्या मालधक्क्यावरून चहाच्या रिकाम्या पेट्या उचलल्या, त्यांचे पाळणे केले, गिरणीतल्या माणसांना ट्रंका करून दिल्या. त्या पेट्या प्लायवूडच्याच. आज वखारीवर माझ्या नावाची पाटी आहे, पण फळी बोटानं ठोकून ऐकायची सवय सुटलेली नाही. आत पोकळी असली तर आवाज ओठ मिटून बोलल्यासारखा येतो.

मुंबईच्या दलालाकडून तीन नमुने मागवले आहेत. आले की कळवतो.

मी तुला करून दिलेल्या देव्हाऱ्याचा विषय इथं काढत नाही. तो एक गैरसमज होता, अक्का.

महादेवप्पा


सोलापूर, ता. ३० जून १९३५

मायाक्का हिला शरणु शरणार्थी.

मास्तरांचं उत्तर आलं. दोन पानं पावसापाण्याची, आणि शेवटी तुझा निरोप तीन शब्दांचा: "विचार, डिंक कशाचा." सहा वर्षांनी तीन शब्द म्हणजे अगदीच कमी नाहीत.

प्रश्न बरोबर आहे. लाकडाचा ओंडका चरकावर धरून कांद्यासारखा सोलतात, ते पापुद्रे एक उभा एक आडवा असे रचतात आणि मध्ये डिंक लावून दाबतात. झालं प्लायवूड. कोरडं असेपर्यंत लाकडाचं नाव. पाण्याशी भांडायचं ते डिंकानं.

तिन्ही नमुन्यांचे वीतभर तुकडे केले, पेन्सिलीनं नंबर घातले आणि आंघोळीच्या बंबात टाकून उकळले. शिवबाई बाहेर येऊन म्हणाली, "आज आंघोळीला कसला काढा?" मी म्हटलं, लाकडाचा. त्यावर तिनं स्वतःचं पाणी चुलीवर तापवून घेतलं आणि मला दोन दिवस त्याच काढ्यानं आंघोळ करायला लावली.

एक नंबरचा तुकडा पहिल्या उकळीलाच सुटला. शेजारचा विणकर नरसय्या आला होता, त्यानं पदर उचलून वास घेतला आणि हसला. "शेठ, ही तर आमची खळ. आम्ही सूत ताठ करतो, हे लाकूड ताठ करतात." एक नंबर बाद.

दोन नंबर तासभर टिकला, मग कडेनं थोडा फुगला. झाड बाहेर देशीचं आहे. ज्याच्या सालीवर आपल्याकडं पूर्वी पोथ्या लिहीत त्या भूर्जाच्या जातीचं, पांढरं, गुळगुळीत, गाठ नसलेलं. ठोकलं की खणखणीत बोलतं. याचा डिंक दुधाचा. दूध नासवतात, चोथा वाळवून भुकटी करतात, चुन्याच्या पाण्यात कालवतात. दूध आणि चुना, दोन्ही तुझ्या घरातच आहेत.

तीन नंबर संध्याकाळपर्यंत उकळला. पाणी काळं झालं, तुकडा होता तसा राहिला. त्याच्यावर हत्तीची छाप आहे. त्याचा डिंक कशाचा ते दलालाला विचारलं आहे, उत्तराची वाट बघतो, अक्का.

महादेवप्पा


सोलापूर, ता. १४ जुलै १९३५

मायाक्का हिला शरणु शरणार्थी.

दोन नंबर ठरवला. दुधाचा. सोबत तुकडा पाठवला आहे. हाताला लावून बघ, जिभेला लावलास तरी चालेल.

वखारीच्या मागच्या पडवीत काम चालू आहे. बरगड्या बाभळीच्या. बाजूंना तीनपदरी फळी, बुडाला पाचपदरी. सांध्यांत नरसय्याच्या मागावरचं टाकाऊ सूत राळ आणि जवसाच्या तेलात भिजवून ठोकून बसवतो आहे. खिळे तांब्याचे. येणारं-जाणारं गिऱ्हाईक विचारतं, हा पलंग कुणाचा? मी सांगतो, होडी आहे. मग ते विचारतं, सोलापुरात? इथं प्यायला पाणी मिळताना पंचाईत. मी म्हणतो, म्हणूनच होडी आधी करून ठेवतो.

एक गंमत सांगायची आहे. परवा श्रीमंत नावाचा एक धनगर घोंगड्यांचा गठ्ठा घेऊन वखारीत आला, पाऊस होता म्हणून हत्ती छापाच्या एका पेटीवर टेकला. छाप बघून म्हणाला, "शेट, ह्या हत्तीचा एक डबा आमच्याकडं हाय की. भीमंतनं व्हात आल्याला. वर कळस हाय, म्होरं बेलाची पानं कोरल्याती. कोकरं पानी पित्यात त्यात."

मी विचारलं, कधी काढला? सहा वर्षं झाली म्हणाला. तुमच्या गावापासून खाली चौदा मैलांवर. आणि अजून गळत नाही? तो म्हणाला, "गळंल कशाला? तुमी काय इकताना गळाय पायजे म्हून इकता काय?"

म्हणजे तू पाण्यात टाकलेला देव्हारा अजून पाण्यातच आहे, फक्त पाणी आता आतल्या बाजूला आहे.

विषय निघालाच आहे तर माझी बाजू एकदा लिहून टाकतो. तुझ्यासाठी देव्हारा केला, नदीपलीकडं आणून दिला. त्याला खिळा दिसेना म्हणून तू विचारलंस, डिंक कशाचा. मी म्हणालो, झाडाचा. पावसाळ्यात तो दमट झाला, वास यायला लागला, आणि मठात उतरलेला कुणी पाहुणा, पूर्वी मुंबईला पेट्यांच्या कारखान्यात होता म्हणे, त्यानं वास घेऊन सांगितलं की हे जनावराचं रक्त आहे. तू त्याच दिवशी देव्हारा नदीत सोडलास. गळ्यात लिंग असलेल्या बाईनं दुसरं काय करावं, मी दोष देत नाही. पण मला तेव्हा ठाऊक नव्हतं, अक्का.

महादेवप्पा


सोलापूर, ता. ११ ऑगस्ट १९३५

मायाक्का हिला शरणु शरणार्थी.

होडी पाण्यात घातली. चार माणसांनी डोक्यावर घेऊन कंबर तलावावर नेली. रस्त्यात दोन जणांनी टोप्या काढून नमस्कार केला, त्यांना वाटलं कुणी तरी गेलं. धोबी कपडे आपटायचे थांबले. होडी तरंगली, कुठं थेंब नाही. नरसय्या, मी आणि एक ज्वारीचं पोतं, एवढं वजन घेऊन पलीकडं गेली न् आली. मग ती आठ दिवस तशीच पाण्यात बांधून ठेवली, कारण होडीची परीक्षा बसणाऱ्यानं घ्यायची नसते, पाण्यानं घ्यायची असते.

काल बाहेर काढून बूड ठोकलं. पुढून मागं येत गेलो. टक, टक, टक, आणि मागच्या बाजूला शेवटच्या बरगडीपाशी आवाज बदलला. भरलेल्या मडक्यावर टिचकी मारल्यासारखा. नरसय्याला ऐकू आला नाही. तो म्हणाला, शेठ, तुमचा कान फार लाड करून घेतो. आत उभा राहून दाखवतो, म्हणून तो चढला आणि त्याचा पाय घोट्यापर्यंत खाली गेला.

फळी उकलून बघितली. भिजलेल्या पोळीचे सुटावे तसे पदर सुटले होते. मधल्या डिंकावर बुरशी. दूधच ते, आठ दिवस पाण्यात ठेवल्यावर आणखी काय होणार.

शिवबाईचं म्हणणं, नदी ओलांडायला पाव तास लागतो, पाव तासाला दूध पुरे की. हिशेब वरवर बरोबर आहे. पण होडी एकदा माझ्या हातातून गेली की हरिबाच्या काठाला दिवसरात्र पाण्यात राहणार. तू महिन्यानं परत जाशील ती त्याच होडीतून, डोळ्यावर पट्टी बांधून. डॉक्टर सांगतात की धक्का लागता कामा नये, पाणी उडता कामा नये. आणि फळी कुठं सुटेल ते ती आधी सांगत नाही.

बूड बदलतो आहे. काळजीचं काही कारण नाही, अक्का.

महादेवप्पा


सोलापूर, ता. १८ ऑगस्ट १९३५

मायाक्का हिला शरणु शरणार्थी.

मास्तर, हे पत्र ओट्यावर वाचू नका. आत जा, दार लोटा, मग वाचा. तुमच्यापासून लपवता येत नाही याला इलाज नाही.

नवं बूड तीन नंबरचं घातलं आहे. हत्ती छाप. डिंक रक्ताचा. खाटिकखान्यातलं रक्त वाळवून भुकटी करतात आणि तापलेल्या दाबाखाली फळीत बसवतात. दलालाला मी विचारलं नव्हतं. विचारायची गरज नव्हती.

देव्हारा केला तेव्हाही ठाऊक होतं. त्याच्या दोन वर्षं आधीच दलालानं मला सगळं सांगितलं होतं, आणि ती फळी पाण्याला जुमानत नाही म्हणूनच मी तुझ्यासाठी ती निवडली. तुझं घर नदीकाठी, भिंतींना ओल. माझ्या डोक्यात ओल होती, दुसरं काही नव्हतं. मग तू काठावर उभी राहून विचारलंस. देव्हारा माझ्या डोक्यावर, निम्मं गाव बघतंय, की पेट्या गोळा करायला गेलेला पोरगा बहिणीला काय घेऊन आला. मी झाडाचा म्हणालो. ते म्हणायला मला विचार करावा लागला नाही, इतकी मला धंद्यानं सवय झाली होती. गिऱ्हाईकाला जे ऐकायचं असतं ते त्याच्या तोंडावर दिसतं.

नंतर सहा वर्षं मी स्वतःला सांगत आलो की तू फार कडक आहेस.

आईबाप प्लेगात गेले तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस आणि मी पाच. मठातून अक्षरं शिकून यायचीस आणि चुलीपुढं राख पसरून माझ्याकडून गिरवून घ्यायचीस. चुकलं की पुसायचीस, रागवायची नाहीस. खोटं बोललं की मात्र राखेपुढं बसू द्यायची नाहीस. हे मला आठवत नव्हतं असं नाही.

तर आता असं आहे. बाजू दुधाच्या, बूड रक्ताचं. बुडावर दोन हात जवसाचं तेल आणि एक हात हिरवा रंग दिला आहे, वास येत नाही. मी न सांगता तुला बसवलं असतं तर तुला दिसलं नसतं. शिवबाईनं तेच सुचवलं, आणि मग स्वतःच म्हणाली, "नको. डोळा परत मिळाल्यावर कळलं तर त्याच डोळ्यानं बघतील तुमच्याकडं."

दुसरी फळी माझ्या माहितीत नाही. दुधाच्या होडीत तुला मी घेणार नाही. या होडीत बसायचं की नाही ते तू ठरव. डोळा तुझा, नेम तुझा. डॉक्टर बावीस सप्टेंबरला येतात.

महादेवप्पा


सोलापूर, ता. ८ सप्टेंबर १९३५

मायाक्का हिला शरणु शरणार्थी.

तुझा निरोप मास्तरांनी शब्दाला शब्द उतरवून पाठवला, तो मी शिवबाईला वाचून दाखवला: "येते. बसायला माझा पाट आणते. हरिबानं विचारलं तर डिंकाचं खरं सांगायचं. विचारलं नाही तर गावभर सांगत फिरायचं नाही, उद्या बाळंतिणी न्यायला हीच होडी लागणार आहे."

शिवबाई म्हणाली, या बाईनं वखार घातली असती तर तुम्ही तिच्याकडं नोकरीला असता.

वीस तारखेला सकाळी आम्ही तुझ्या समोरच्या काठावर असू. होडी मैंदर्गीपर्यंत गाडीनं, पुढं डोक्यावर. पाणी चढलेलं असलं तर उतरेपर्यंत काठावरच राहू. हरिबाला वल्ह्याची सवय नाही, काहील तो हातानं आणि काठीनं हाकतो, म्हणून एक वल्हं मी धरीन. गेले पंधरा दिवस कंबर तलावावर शिकतो आहे. आता होडी मी म्हणेन तिकडं जाते. आधी ती म्हणेल तिकडं मी जात होतो.

पाटाचं बरं केलंस. मला सुचायला हवं होतं.

महादेवप्पा


सोलापूर, ता. २४ नोव्हेंबर १९३५

मायाक्का हिला शरणु शरणार्थी.

चष्मा पोचल्याचं मास्तरांनी कळवलं. त्यांनी असंही लिहिलं की तो लावून तू पहिल्यांदा त्यांच्या शाळेची पाटी वाचलीस आणि तिच्यातली चूक काढलीस. म्हणून हे पत्र मी मोठ्या अक्षरात, दोन ओळींत बोटभर जागा सोडून लिहितो आहे. हे त्यांच्यासाठी नाही. तू स्वतः वाच. दमलीस तर उद्या वाच.

होडीत तू बोललीस तेव्हा माझ्या हातात वल्हं होतं, उत्तर राहून गेलं. ते लिहायला बसलो आहे.

तू आलीस, पाट बुडावर ठेवलास आणि बसण्याआधी वाकून बुडावर टिचकी मारलीस. कान दिलास. मग बसलीस. हरिबा म्हणाला, "काय ऐकतीया म्हातारे, आत कोन हाय व्हय?" तू म्हणालीस, "कुणी नाही, भरीव आहे." मला तेव्हा कळलं की हा कान मी मालधक्क्यावर कमावलेला नाही. मला वाटत होतं माझी सगळी कमाई सोलापुरातली.

नदीच्या मध्यावर धार जोराची होती. हरिबा तोंडानं शिव्या देत होता आणि हातानं ठीक चालला होता. तेव्हा तू बोललीस, धाकट्या भावाला लहानपणी मारायचीस ती हाक मारून. तुझेच शब्द लिहितो, कमीजास्त असेल तर दुरुस्त कर.

"तम्मा, देव्हारा मी वासासाठी नव्हता टाकला. वासाला कापूर आहे. तू काठावर म्हणालास, झाडाचा, अक्का. लहानपणापासून तू खरं बोलताना मला अक्का म्हणत नाहीस. नुसतं बोलतोस. खोटं बोललास की शेवटी अक्का लावतोस. मला तेव्हाच कळलं होतं. मी तीन महिने वाट बघितली, तू येऊन सांगशील म्हणून. मग पाहुण्यानं सांगितलं."

आणि थोड्या वेळानं, पलीकडचा काठ जवळ आल्यावर: "मास्तर तुझी पत्रं वाचत होते तेव्हा मी बोटं मोजत होते. पहिल्या चार पत्रांत चार. पाचव्यात एक नाही. म्हणून आले."

मी वल्हं मारत राहिलो, कारण थांबलो असतो तर आपण तिघंही चौदा मैल खाली, श्रीमंत धनगराकडं गेलो असतो.

घरी येऊन तिथपर्यंतच्या पत्रांच्या नकला काढून बघितल्या. मी धंद्याची प्रत्येक नक्कल ठेवतो, त्यात ही पत्रंही गेली होती. शेवटी अक्का लावलेली वाक्यं चारच आहेत. गैरसमज होता, दलालाला विचारलं आहे, ठाऊक नव्हतं, काळजीचं कारण नाही. एवढ्या वर्षांत मला एकाही व्यापाऱ्यानं पकडलं नाही. शिवबाईला दाखवलं तर ती म्हणाली, "मला तुम्ही अगं म्हणता तेव्हा."

डॉक्टरांनी दहा दिवस तुला मान हलवू दिली नाही. पट्टी सुटली तेव्हा तू आधी शिवबाईकडं बघितलंस, मग माझ्याकडं, आणि म्हणालीस, "हा कोण म्हातारा?" ते मी मनावर घेतलं नाही. परत जाताना होडीचा हिरवा रंग बघून जे म्हणालीस ते मात्र लक्षात आहे. पुढच्या वर्षी रंग तू सांग.

होडी नीट आहे. गेल्या आठवड्यात हरिबानं मैंदर्गीच्या बाजारात श्रीमंताला सांगितलं की दोन बाळंतिणी आणि एक लग्नाचं वऱ्हाड नेलं. डिंकाचं अजून कुणी विचारलेलं नाही. पाट मात्र गावानं उचलला. आता प्रत्येक बाई आपला पाट घेऊन येते आणि विचारलं तर सांगते, मायाक्का आणतात म्हणून.

जाताना तू म्हणालीस, तो देव्हारा परत मिळाला तर बघ, देवासाठी नको, चुलीजवळ मिठाच्या आणि लोणच्याच्या बरणीला होईल. मी श्रीमंताकडं गेलो. देव्हारा बघितला. कळसाचं टोक कोकरांनी चघळलं आहे, बेलाची तीन पानं शाबूत आहेत, आतल्या छताला अर्धा हत्ती अजून दिसतो. ठोकला. सहा वर्षं पाणी भरून ठेवलेली फळी, आवाज पहिल्या दिवसासारखा. मी श्रीमंताला म्हटलं, हा दे, याच्या जागी नवा करून देतो, याहून मोठा, याच फळीचा.

तो देईना. म्हणाला, "तुमचा नवा सुटतोय का न्हाय कुनाला ठावं? ह्यो बगितल्याला हाय."

राहू दे म्हटलं आणि त्याच्याकडून दोन घोंगड्या घेऊन आलो.

तेव्हा तुझ्यासाठी नवीन कपाट केलं आहे. हात दीड हात, तीन खण, वर कळस नाही. उद्या मैंदर्गीच्या गाडीनं निघेल, परवा हरिबा होडीतून पोचवेल. उतरवून घेतलंस की कुणालाही विचारू नकोस, मलाही नको. भिंतीला लावण्याआधी ते उलटं फिरव. मागच्या फळीवर काळ्या रंगात, तू राखेत काढून दाखवायचीस तेवढ्या मोठ्या अक्षरात, डिंक कशाचा ते लिहिलं आहे.

चष्मा लाव आणि वाच.

तम्मा